सात बायांचा दगड

बुऱ्हाणपूरला इतिहासाची वाण नाही. जिथे पाय ठेवावा तिथे कोणीतरी बादशहा राहून गेलेला असतो, नाहीतर त्याची बेगम मरून गेलेली असते. गावात शिरताना तपकिरी पाट्या लागतात. शाही किल्ला इकडे, कुंडी भंडारा तिकडे, राजाची छत्री पुलापलीकडे. केळीच्या ट्रकवाल्यांनासुद्धा त्या पाठ झाल्या आहेत. पण ज्या रस्त्याच्या कडेला त्या उभ्या आहेत, त्या रस्त्याची खडी कोणी फोडली, मुरूम कोणी वाहिला, याची पाटी कुठे दिसत नाही. रस्ता काय, पावसाळ्यात तरोटा उगवतो तसा आपोआप उगवला असणार!

एक होती. पाटी कसली, कमरेएवढा काळा दगड होता, इच्छापूरच्या वाटेवर वळणाच्या बाभळीखाली. बहात्तरच्या दुष्काळात या रस्त्याच्या कामावर मुरमाची खदान कोसळली आणि सात बाया दबून मेल्या, असं त्यावर कोरलं होतं. खाली सात ओळींत सात नावं. चौथं नाव मथुराबाई. दगड लावणाऱ्या बहादरपूरच्या लोटू पाटलाची ती आई.

लोटू तेव्हा चार वर्षांचा. आईचा चेहरा त्याला आठवत नाही, आणि उगाच आठवतो म्हणणाऱ्यांतला तो नाही. आठवतो तो तिच्या पदराचा शेव. कामावर मिळणाऱ्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी ती अर्धी खायची आणि अर्धी पदरात बांधून आणायची. गाठ सोडायचं काम लोटूचं. गाठ पक्की असायची, ती दातांनी सोडावी लागे, आणि सोडताना मुरमाची माती जिभेवर यायची. ती चव त्याच्या तोंडातून अजून गेली नाही.

तिचा फोटो नाही. घरात तिचं नाव कोणी घेत नसे. बापाने घ्यायचा प्रश्नच नव्हता, बायकोचं नाव घेणारा नवरा त्या काळी बायल्या ठरायचा. आजी तिला 'लोटूची माय' म्हणायची, म्हणून सगळी गल्ली तेच म्हणायची. आधीची तीन पोरं गेली म्हणून चौथ्याला सुपात घालून उकिरड्यावर लोटलं होतं आणि परत उचललं होतं. यमाला वाटावं की हा टाकाऊ माल आहे, न्यायच्या लायकीचा नाही. म्हणून नाव लोटू. यम फसला, पोर जगलं, आणि त्या पोराचं नाव आईला असं चिकटलं की तिचं स्वतःचं गळून गेलं. पुढे बापाने दुसरी केली. मग आजी गेली, बापही गेला. लोटू चाळिशीला टेकला तरी आपल्या आईचं नाव काय हे त्याला ठाऊक नव्हतं.

दगडाची कल्पना निंबा गुरुजींची. त्यांची बहीण त्या सातांत होती. गुरुजी आणि लोटू मोटरसायकलवर गावोगाव हिंडले, नावं गोळा करत. लोटूच्या आईचं माहेर रावेरकडचं. तिथे एका ओसरीवर एक आंधळी म्हातारी बसली होती. लोटूने कोण, कुठला सांगितलं. म्हातारी म्हणाली, "कोन, आमच्या मथुराचा का रे तू?" दोन लेकरांचा बाप, केळीच्या बागेचा धनी, गावात ज्याला लोक भाऊ म्हणून हाक मारत, तो लोटू त्या परक्या ओसरीवर ढसाढसा रडला.

सातव्या बाईचं मात्र जमलं नाही. ती गोटू पाटलाची बायको, म्हणजे लोटूच्या गल्लीतल्या कडूची काकू. गोटू तेव्हा जिवंत होता. त्याने डोकं खाजवलं, आभाळाकडे पाहिलं. "नाव ना? होतं बा काहीतरी." शेवटी दगडावर कोरलं, 'गोटू पाटलाची पहिली बायको'. तेव्हापासून लोटूला एक भीती बसली. नाव जाणं म्हणजे काय, ते त्याने त्या सातव्या ओळीत पाहिलं होतं.

पुढे गुरुजी वारले. लोटू मात्र केळी घेऊन बुऱ्हाणपूरला निघाला की वळणावर ट्रॅक्टर थांबवायचा आणि चौथ्या ओळीवरून बोट फिरवायचा. एवढंच. फूल नाही, उदबत्ती नाही. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं, आणि कोणी वाचलं की त्याच्या मनात एक क्षण तरी मथुराबाई नावाची बाई यावी, इतकीच त्याची इच्छा होती.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं.

ठेकेदाराचा सुपरवायझर रितेश हा जळगावकडचा पोरगा, मनाने चांगला. त्याने लोटूला मोजणीची खूण दाखवली. चुन्याची रेघ बरोबर दगडाच्या पोटावरून गेली होती.

"भरावात जाईल, काका," रितेश म्हणाला.

"जाऊ दे, पन दगड पाच हात मांघे लाव ना भाऊ."

"कसा लावू? कुंडी भंडाऱ्याची पाटी परत लावायची, ते ऑर्डरमध्ये आहे. ये तो किसी में नहीं आता. ना मैलाचा दगड, ना सरकारी स्मारक. तुम्ही घरी घेऊन जा ना, मी जेसीबीने ट्रॉलीत ठेवून देतो."

"घरी कोन वाचीन त्याले?"

"मग मी काय करू? देऊळ असतं ना काका, तर आमच्या बापाची हिंमत नव्हती. मागच्या महिन्यात एका मारुतीपायी अख्खा रस्ता वाकवला आम्ही."

रितेश बोलून गेला आणि फोनवर लागला. लोटू मात्र तिथेच उभा राहिला. त्याच दिवशी दगड ट्रॉलीत घालून घरी आणला असता, अंगणात तुळशीपाशी टेकवून ठेवला असता, तर आज मथुराबाईचं नाव शाबूत असतं. पण दगड रस्त्यावरच हवा, बाया जिथे मेल्या तिथेच हवा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. माणूस हट्टी असला की त्याला वाट दाखवायला कोणीही पुरतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो वाटीत शेंदूर आणि तिळाचं तेल कालवत बसला. मंगलाने, त्याच्या बायकोने, चूल पेटवता पेटवता पाहिलं.

"शनिवार नाही, काही नाही, शेंदूर कायले?"

"दगडाले."

"तुमचं डोस्कं फिरलं का?"

"रस्ता झाला का डिझेलच्या फडक्यानं पुसून टाकीन. तू काही बोलू नको कोनाले."

त्याने काळजी घेतली, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. फक्त डोकं आणि खांदे रंगवले. अक्षरांवर डाव्या हाताचा तळवा धरला होता, एक थेंब खाली येऊ दिला नाही. समोर दोन फुलं टाकली, नारळ ठेवला आणि घरी येऊन पोटभर जेवला.

जेसीबी आला. चालकाने दगड पाहिला, इंजिन बंद केलं, खाली उतरून चपला काढल्या आणि हात जोडले. संध्याकाळपर्यंत चुन्याची रेघ पुसली गेली आणि नवी रेघ दगडाला वळसा घालून गेली. रितेश लोटूकडे बघून हसला. "काका, मान गए तुमको." लोटूही हसला. सरकार फसलं, ठेकेदार फसला, देवही फसला, असं त्याला वाटलं. लहानपणी यम फसला होता, तसेच सगळे फसतात असा त्याचा समज झाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही.

नवरात्र आलं. इच्छादेवीला पायी जाणाऱ्या बाया बाभळीच्या सावलीत टेकल्या. पलीकडे ती जुनी खदान, आता पाण्याने भरलेली, काठाला म्हशी. एका म्हातारीने नातीला विचारलं, दगडावर काय लिहिलं आहे? नातीने वाचलं, "सात बाया." पुढचं वाचायची गरजच उरली नाही. सात बाया, शेजारी पाणी, डोक्यावर शेंदूर. तापीकाठच्या बाईला आणखी काय सांगावं लागतं? साती आसरा! विहिरीत, डोहात राहणाऱ्या, कोपल्या तर माणूस पाण्यात ओढणाऱ्या, आणि हिरव्या बांगड्या वाहिल्या की लेकराला जपणाऱ्या सात जणी. म्हातारीने तिथल्या तिथे लोटांगण घातलं. सूर्य मावळेपर्यंत दगडाच्या पायाशी हिरव्या बांगड्यांचा ढीग पडला.

कडूचं शेत लागूनच. त्याची म्हैस कधीपासून दूध चोरत होती, त्याने नवस बोलला आणि म्हशीने पान्हा सोडला. झालं, त्याने पत्र्याची सावली केली, घंटा बांधली आणि स्वतः सोवळं नेसून बसला. येणारा प्रत्येक जण बोटभर शेंदूर लावायचा. शेंदराला काय, वरून खाली यायची खोड. दिवाळीत पहिलं नाव बुजलं. लोटू रोज सकाळी बाभळीचा काटा घेऊन जायचा आणि चौथ्या ओळीतला शेंदूर उकरायचा. 'म'चा कान, 'थ'चं पोट, 'रा'चा काना. लोक म्हणायचे, आबा सेवा करून राहिले देवीची.

होळीच्या सुमारास काट्याचं काम उरलं नाही. थर बोटाएवढा झाला. तेव्हा लोटू डिझेल आणि फडकं घेऊन गेला. चौथी ओळ अर्धी मोकळी झाली असेल, तेवढ्यात नैवेद्य घेऊन आलेल्या बायांनी पाहिलं. आरडाओरडा झाला. कडू धावत आला, मागोमाग निम्मं गाव. लोटूने फडकं खाली टाकलं आणि मनात होतं ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"अरे, ही देवी नाही! शेंदूर मी लावला. रस्त्यापायी लावला. खोटं वाटत असीन तर माह्या बायकोले विचारा."

मग एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "देवीनंच तुह्या हातून लावून घेतला रे बाप्पा. नाही तर तुले कायची बुद्धी होती!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आता यावर काय बोलणार? कोर्टात अपील चालतं, याच्यावर चालत नाही.

त्याने कडूचा हात धरला. "कडू, तुले तर माहीत आहे ना. तुही काकू आहे त्याच्यात."

"माहीत आहे ना. म्हनून तर म्हनतो, काकू आसरा झाली, तुही मायबी झाली. लोकायच्या माया मसनात जातात, तुही देवी झाली. अजून काय पाहिजे तुले?"

"मले देवी नको रे. मले तिचं नाव पाहिजे."

"देवीले नाव कायले लागते?" कडू म्हणाला. आणि वाईट हे की तो मनापासून म्हणाला.

घरी मंगला रडत होती. सून तृप्तीने तिथेच नवस बोलला होता, नातवाचं जावळ आसरांपुढे काढायचं होतं. "तुमी तिथी डिझेल घीसन गेले," मंगला म्हणाली, "आता कोन्त्या तोंडानं जाऊ आमी? त्या लेकराकडे तरी पाहा." लोटूने लेकराकडे पाहिलं. चार वर्षांचं होत आलं होतं. त्या दिवसापासून त्याने फडकं हाती घेतलं नाही. मनात एकच धरून राहिला, की शेंदूर कितीही चढला तरी आत अक्षरं आहेत. मारुतीच्या अंगावरची शेंदराची खोळ कधीकधी आपोआप गळून पडते आणि आतला जुना दगड उघडा होतो, असं त्याने ऐकलं होतं. आपण नसलो तरी कधीतरी हीही गळेल, कोणीतरी वाचेल. एवढ्या एका आशेवर त्याने उन्हाळा काढला.

रस्ता पुरा झाला तेव्हा देवीची कृपा म्हणून ठेकेदाराने स्वखर्चाने ओटा बांधून दिला, फरश्या बसवल्या, वर छोटा घुमट. चांदीच्या पाण्याचे सात मुखवटे आले. ते दगडावर बसवून झाल्यावर गवंडी बाभळीखाली बिडी ओढत बसला होता. लोटू त्याच्याजवळ जाऊन टेकला.

"बसले का नीट?"

"एकदम पक्के, आबा. अगोदर शेंदूर सगळा खरडून काढला. पन दगड लई घोटीव, वरून काहीतरी खोदलेलं. सिमेंट धरतच नव्हतं. मग टाकी मारून मारून सगळा खरबरीत केला. आता भूकंप आला तरी हालायचं नाही."

"सगळा?"

"सगळा ना. एक जागा सोडली नाही. देवीचं काम आहे, अर्धवट कसं करीन?"

गवंडी हसला आणि त्याने बिडी पुढे केली. लोटूने घेतली नाही. ओट्याभोवतीचा चुरा मजुरांनी झाडून खदानीच्या पाण्यात लोटला होता. काळी खपली एकसुद्धा हाती लागली नाही. लोटू गुडघ्यांवर बसून हातांनी माती चाळत राहिला, आणि येणाऱ्या बायांना वाटलं, आबा देवीपुढे वाकले आहेत.

पावसाळ्यानंतर तपकिरी पाट्या नव्याने लागल्या. शाही किल्ला, कुंडी भंडारा, राजाची छत्री. आणि वळणाच्या अलीकडे आणखी एक, तशीच तपकिरी, तसाच बाण: 'प्राचीन साती आसरा मंदिर'. प्राचीन! लोटूच्या घरात शेंदूर कालवलेली वाटी अजून धुऊन निघाली नव्हती, तिची लाली कडेला तशीच होती.

नातवाचं जावळ निघालं. गुलाल उधळला, जेवणावळ झाली, मंगला खूप दिवसांनी हसली. सगळे ट्रॅक्टरमध्ये बसले तेव्हा लोटू म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. मग त्याने एक नारळ घेतला आणि रांगेत उभा राहिला.

ओट्यावर कडू बसला होता. हाच कडू लहानपणी लोटूच्या दारात येऊन उभा राहायचा, आणि पदरातल्या त्या अर्ध्या भाकरीतली अर्धी त्याच्या हातावर पडायची. आता गर्दी होती, घाम होता, मान वर करून बघायला त्याला सवड नव्हती. प्रत्येकाला विचारायचा तेच त्याने लोटूला विचारलं.

"कोनाच्या नावानं?"

"मथुराबाई."

"कोन मथुराबाई?" कडूने नारळाची शेंडी धरली. "आजारी आहे का? जित्ती आहे ना? मेलेल्याच्या नावानं इथी नारळ चालत नाही भाऊ, विटाळ होते देवीले."

लोटूने मुखवट्यांकडे पाहिलं. चौथा मुखवटा बाकीच्यांसारखाच होता, मोठे डोळे, लाल ओठ, नाकात नथ. तो कोणाचा चेहरा होता देव जाणे. मागून रांग ढकलत होती. खरं सांगितलं असतं तर नारळ परत आला असता, आणि ते नाव कोणाच्याच तोंडून निघालं नसतं.

"आहे," लोटू म्हणाला. "जित्ती आहे."

"मथुराबाईले सुखी ठेव गं माय!" कडू मोठ्याने ओरडला आणि नारळ पायरीवर आपटला. नारळ फुटला, पाणी सांडलं, घंटा वाजली आणि पुढच्या बाईचा हात लोटूच्या खांद्यावरून पुढे आला. कडूने अर्धी वाटी लोटूच्या हातावर ठेवली. "घरी ने. आपल्या हातानं तिच्या तोंडात घाल. बरं वाटीन तिले."

लोटू खाली उतरला. पाटीपाशी आला, खांबाला टेकून बसला. समोरून ट्रक जात होते. त्याने खोबऱ्याची वाटी उपरण्याच्या शेवात ठेवली आणि गाठ मारली, पक्की. थोडा वेळ ती हातात धरली. मग तोंडाशी नेऊन दातांनी सोडू लागला. पण ते दात आता राहिले नव्हते. गाठ काही सुटली नाही.